बघ्यांच्या रांगेत आपण

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या विहारात अभ्यासवर्ग होता. विषय संविधानाचं कलम १७, आणि बोलणारा मीच. सात वाजता जाऊन बघतो तर त्रिसरण-पंचशील उरकलेलं आणि कोपऱ्यात एका मोबाईलवर नऊ डोकी वाकलेली. मला वाटलं क्रिकेट. जवळ गेलो. बाजूच्या जिल्ह्यातल्या एका गावात आपल्या एका पोराला खांबाला बांधून मारत होते, त्याचा व्हिडिओ. मारणाऱ्यांनीच काढलेला. आवाज सुरू. एक पोरगं दुसऱ्याला सांगत होतं, "थांब, आता पट्टा काढतो बघ." दुसरं म्हणालं, "आयला, माझं हुकलं. परत लाव."

परत लावलं. आणि मीही वाकलो.

दोस्तहो, हा लेख त्या वाकण्याबद्दल आहे. ही पोरं वाईट नाहीत हे आधी सांगतो. त्यातली तिघं दोन दिवसांनी तालुक्याला निवेदन घेऊन गेली, पोलिसांशी भांडली, अख्खा दिवस उपाशी राहिली. त्यांचा राग खरा होता. पण रागाच्या पोटात आणखी काहीतरी हलत होतं, आणि ते मला ओळखीचं होतं. तंबूच्या टॉकीजमध्ये शेवटची फाईट सुरू झाली की पोटात जे हलायचं ते. मार खाणारा आपला, जात आपली, आणि तरी डोळे म्हणतात, परत लाव. याचं काय करायचं? आपल्या व्यासपीठांवर याबद्दल कुणी बोलत नाही. शत्रूबद्दल बोलायला आपल्याला आवडतं. ते सोपंही असतं.

मी मराठवाड्यातला. १९७८ च्या जुलैअखेर विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडाभर आपल्या वस्त्यांवर जे चालून आलं ते तुम्ही वाचलंय. मला ते वासाने माहीत आहे. मी आठ वर्षांचा होतो. आमच्या वाड्यातली घरं पेटली तेव्हा आई मला आणि धाकटीला घेऊन उसात बसली होती. पुढं कैक वर्षं आई तो दिवस सांगायची, पण जाळणाऱ्यांबद्दल फार बोलायची नाही. म्हणायची, "जाळणारे धा-बारा व्हते रं. बघणारं सारं गाव व्हतं. बाया पोरं कडंवर घिऊन उभ्या." कुणीतरी म्हणे नीट दिसावं म्हणून झाडावर चढलं होतं. त्या झाडावरच्या माणसाला आई मरेपर्यंत विसरली नाही. काडी लावणाऱ्याला काहीतरी हवं होतं, त्याला जागा दाखवून द्यायची होती. झाडावरच्याला काय हवं होतं?

आता पुढचं ऐका. तीन वर्षांनी, १९८१ साली, मीच ओट्यावर चढलो.

आठवडी बाजाराचा दिवस. कोंबड्या चोरल्या म्हणून एका पारध्याला धरला होता. चोरल्या होत्या की नाही देव जाणे, म्हणजे कुणीच जाणत नाही. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कितीतरी जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला, पण आमच्या बाजाराला ते कुणी कळवलं नव्हतं. तर त्याला कडुनिंबाला बांधला आणि जो येईल तो दोन लावून जात होता. गर्दी एवढी की मला पाठीच दिसत होत्या. मी तेलाच्या दुकानाच्या ओट्याशी गेलो. ओट्यावर गावातल्या बड्या घरचा, माझ्याच वर्गातला पोरगा उभा होता. शाळेत आम्हाला पाणी वरून ओतायचे. याने तर चार वर्षांत माझ्या पाटीलाही हात लावला नव्हता. त्याने खाली बघितलं, हात पुढं केला आणि म्हणाला, "ये वर. हितनं झ्याक दिसतंय."

मी त्याचा हात धरून वर गेलो. आम्ही खांद्याला खांदा लावून उभे राहिलो. माझ्या पलीकडं एक वाणी, त्याच्या पलीकडं एक सोनार. कुणी म्हटलं नाही, सरक. कुणी म्हटलं नाही, कुणाचा रं तू? पंधरा-वीस मिनिटं सगळं गाव एकजात झालं होतं, आणि त्या गावात मी होतो. माणूस ओरडायचा तेव्हा सगळे मिळून "हाऽ" करायचे. मीही "हाऽ" केलं. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटत होतं.

त्याची बायको खाली धुळीत बसली होती. रडत नव्हती. त्याचा सुटलेला पटका गोळा करून त्याची घडी घालत होती. ही एक गोष्ट मी बघितली आणि लगेच तिच्यावरून नजर काढली, कारण तिच्याकडं बघितलं की मजा कमी होत होती.

घरी येऊन मी आईला सगळं रंगवून सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने हात थांबवला आणि विचारलं, "किती जण बघत व्हते?" मी म्हटलं, "लई." मग ती म्हणाली, "आन् तू कुठं व्हतास?"

पुढं शिकलो, नोकरीला लागलो, पुस्तकं हाताशी आली तेव्हा हा प्रश्न मी पुस्तकांना विचारत हिंडलो. हा प्रश्न जुना आहे हे कळून थोडं बरंही वाटलं. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये लिओंटियस नावाचा एक इसम आहे. अथेन्सच्या तटाबाहेरून जाताना त्याला फाशीवाल्याजवळ पडलेली प्रेतं दिसतात. बघावंसं वाटतं आणि किळसही येते. तो तोंड झाकून घेतो, स्वतःशी झगडतो, शेवटी हरतो आणि डोळे फाडून प्रेतांकडे धावत जातो. वर आपल्याच डोळ्यांना शिव्या घालतो की घ्या मेल्यांनो, भरून घ्या. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीचा हा गडी आमच्या विहारातल्या कोपऱ्यात दहावा म्हणून सहज बसला असता.

प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल. शोकांतिकेने भय आणि करुणा जागी होते आणि त्यांचं विरेचन होतं, हे त्याचं म्हणणं आपल्याकडं कॉलेजात सगळ्यांना पाठ असतं. नाटकापुरतं ते खरं असेल. बाजारातल्या कडुनिंबाला ते लागू पडत नाही. तिथं भय नव्हतं आणि करुणा मी डोळे फिरवून टाळली होती. मग विरेचन कशाचं झालं?

रोमचा कवी लुक्रेशियस जास्त जवळ येतो. तो म्हणतो, समुद्र खवळलाय, कुणाची तरी नाव बुडतेय आणि आपण किनाऱ्यावर उभे आहोत, हे बघायला गोड वाटतं. दुसऱ्याचं दुःख गोड म्हणून नव्हे. आपण कशातून सुटलो ते दिसतं म्हणून. हे वाचलं आणि ओटा आठवला. तो ओटा म्हणजे माझा किनारा. आठ वर्षांचा मी उसात बसलो होतो, म्हणजे नावेत होतो. अकराव्या वर्षी मला कुणीतरी हात देऊन किनाऱ्यावर घेतलं. नाव बुडतच होती, फक्त तिच्यात माझ्याऐवजी पारधी होता.

पण एवढ्यानेही उलगडा होत नाही, कारण लुक्रेशियसचा माणूस एकटा उभा आहे. मी एकटा असतो तर कदाचित पळालो असतो. संत ऑगस्टिनने आपल्या आत्मकथनात अलिपियस नावाच्या मित्राची हकिकत लिहिली आहे. अलिपियसला ग्लॅडिएटरच्या झुंजींचा तिटकारा. दोस्तांनी ओढून नेलं तर तो डोळे मिटून बसला. म्हणाला, माझं शरीर न्याल, मन कसं न्याल? मग एक जण पडला, सगळं मैदान गरजलं आणि त्या आवाजाने याचे डोळे उघडले. उघडले ते मिटलेच नाहीत. पुढच्या खेपेला तोच दुसऱ्यांना ओढून नेऊ लागला. त्याने कान मिटायला हवे होते, असं ऑगस्टिन म्हणतो. हे फार पटतं. तो आधी डोळ्यांनी फसलाच नाही, "हाऽ"ने फसला. सेनेकाही एकदा दुपारचा खेळ बघून आला आणि मित्राला कळवलं की माणसांत जाऊन आलो आणि होतो त्याहून क्रूर, होतो त्याहून कमी माणूस होऊन आलो. (हा सेनेका नीरोचा गुरू. तरीही हे कबूल केलं, एवढं त्याचं देणं मान्य करायला हवं.)

आता रोमचं ते मैदान जरा नीट बघू, कारण तिथं आपल्या ओळखीची एक गोष्ट आहे. कलोसियम इसवी सन ८० मध्ये टायटस बादशहाने उघडलं, शंभर दिवस खेळ चालले. सकाळी जनावरांची शिकार, दुपारी शिक्षा झालेल्यांना मारणं, त्यानंतर ग्लॅडिएटर. पन्नासेक हजार माणूस बसायचा. पण कसा बसायचा? सगळ्यात पुढं सिनेटर, मागं सरदार, त्याच्या मागं सामान्य नागरिक, आणि अगदी वर, जिथून मुंगीएवढं दिसतं तिथं, गरीब, गुलाम आणि बायका. कुणी कुठं बसायचं याचे नियम होते. म्हणजे मैदानात रक्त सांडायच्या आधीच पायऱ्यांवर अख्खी समाजरचना मांडून झालेली असायची. आणि मैदानात कोण? बहुतेक गुलाम, युद्धकैदी, शिक्षा झालेले. हौसेने उतरणारेही काही होते, नामांकित लढवय्यांवर लोक फिदा असायचे, हेही खरं. पण कायद्याच्या नजरेत तो धंदा कलंकितच राहिला. सगळ्यात वरच्या पायरीवरच्या गुलामाला त्या दिवशी काय मिळत असेल? तो रोजच सगळ्यांच्या खाली. त्या दिवशी मात्र त्याच्याही खाली कुणीतरी होतं, आणि ते खाली असणं अक्षरशः दिसत होतं, खोल, वाळूत.

बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हणून जे सांगितलं ते मला परीक्षेसाठी पाठ होतं. कळलं ते या पायऱ्यांवरून. नुसती विषमता असती तर खालचे सगळे एक झाले असते. श्रेणी असल्यामुळे प्रत्येकाला खाली बघायला कुणीतरी मिळतं, आणि खाली बघण्याचं सुख हीच त्याची पगारवाढ. ओट्यावर मला मिळालेली समता असल्या जातीची होती. पारध्याच्या पाठीवर उभी केलेली. ती पंधरा मिनिटांनी संपली. दुसऱ्या दिवशी शाळेत पाणी वरूनच मिळालं. ज्याने हात दिला होता त्याने ओळखही दाखवली नाही.

आपल्या देशात हे शास्त्राच्या पहिल्या पानावर आहे. भरताच्या नाट्यशास्त्राचा पहिला अध्याय काढून वाचा. वेद शूद्रांना ऐकू द्यायचे नाहीत, म्हणून ब्रह्मदेव सर्व वर्णांसाठी पाचवा वेद करतो, तो नाट्यवेद. इंद्राच्या ध्वजोत्सवात पहिला प्रयोग होतो. विषय कोणता? देवांनी दैत्यांना कसं हरवलं, कसं कापलं. देव खूश, नटांना बक्षिसं. पण प्रेक्षकांत दैत्यही होते! त्यांनी म्हटलं, आमचाच मार आणि आमच्यासमोरच त्याची करमणूक? हे आम्हाला मान्य नाही. त्यांनी खेळ थांबवला, नटांची वाचा, स्मृती गोठवली. मग इंद्राने ध्वजाचा दांडा उपसला आणि त्या दैत्यांना झोडपून काढलं. त्या दांड्याचं नाव पडलं जर्जर. पुन्हा विघ्न नको म्हणून नाट्यगृह बांधून घेतलं आणि राखणीला देव नेमले. नंतर ब्रह्मदेव दैत्यांची समजूत काढतो की नाट्य काही एकट्या देवांचं नाही, तिन्ही लोकांचं त्यात दर्शन आहे.

पंडित लोक ही कथा नाट्योत्पत्ती म्हणून सांगतात. मला ती पहिल्या निषेधाची आणि पहिल्या लाठीमाराची कथा वाटते. जोतीरावांनी 'गुलामगिरी'त (१८७३) बळीराजाच्या बाजूने पुराणं उलटी करून वाचायला शिकवलं. तशी ही वाचा. भारतातल्या पहिल्या प्रेक्षागारात ज्यांना खेळात मजा आली नाही ते कोण होते? ज्यांची प्रेतं रंगमंचावर होती ते. आणि एक कबुली. ते दैत्य आपल्यापेक्षा शहाणे होते. त्यांनी "परत लाव" म्हटलं नाही.

अमेरिकेतल्या काळ्यांशी आपलं नातं जुनं आहे. १९७२ ला पँथर हे नाव आपण त्यांच्याकडूनच घेतलं. टेक्सासमधल्या वेको गावात १५ मे १९१६ रोजी जेसी वॉशिंग्टन नावाच्या सतरा वर्षांच्या काळ्या शेतमजुराला गोऱ्या जमावाने कोर्टातून ओढून नेलं. ज्युरीने चार मिनिटांत त्याला दोषी ठरवलं होतं. तेवढाही उशीर जमावाला सोसला नाही. नगरभवनासमोर त्याला जिवंत जाळलं. बघायला दहा-पंधरा हजार लोक. मधल्या सुट्टीत शाळेची पोरं आली. बाया आल्या. गावातल्या धंदेवाईक फोटोग्राफरने फोटो काढले, त्यांची पोस्टकार्डं झाली, ती विकली गेली. अशा एका पोस्टकार्डावर मुलाने आईबापांना लिहिलं की रात्रीच्या मेजवानीचा फोटो पाठवतोय, आणि गर्दीतला आपला चेहरा कळावा म्हणून वर फुली मारली.

त्या फुलीपाशी मी बराच वेळ थांबलो. जळालेल्या देहावर त्याने फुली मारली नाही. त्याला आईला देह दाखवायचाच नव्हता फारसा. मी तिथं होतो, मी यांच्यातला आहे, हे दाखवायचं होतं. अशा फोटोंत लोक देहाकडं नव्हे, कॅमेऱ्याकडं बघून हसतात. मलाही १९८१ साली कुणी फोटो काढला असता तर मी घरी नेऊन बोट ठेवून दाखवला असता, हा बघ मी, सोनाराच्या बाजूला.

पण वेकोची गोष्ट तिथं संपत नाही. तेच फोटो काळ्यांच्या संघटनेने, एनएएसीपीने, मिळवले. तपासाला एक बाई वेकोत जाऊन आल्या आणि त्याच वर्षी जुलैमध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉइसने 'द क्रायसिस' मासिकातून ते फोटो हकिकतीसह छापून देशभर पाठवले. कागद तोच, शाई तीच. एका घरात मेजवानीची आठवण, दुसऱ्या हातात पुरावा. आणि १९५५ साली चौदा वर्षांच्या एमेट टिलचा छिन्नविच्छिन्न देह मिसिसिपीतून शिकागोला आला तेव्हा त्याची आई मेमी हिने शवपेटी उघडी ठेवायला लावली. माझ्या पोराचं काय केलं ते जगाला दिसू दे, हा तिचा निर्धार. हजारो माणसं रांगेने बघून गेली. 'जेट' साप्ताहिकाने फोटो छापले. मारेकरी सुटले. पण काळ्यांची एक पिढी त्या चेहऱ्याकडं बघून उभी राहिली. जमावहत्येविरुद्धचा केंद्रीय कायदा अमेरिकेत झाला तो २०२२ साली, त्याच पोराच्या नावाने. किती वर्षं गेली मोजा.

मग बघणं चांगलं की वाईट? उना आठवा. ११ जुलै २०१६. गुजरातेत मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या पोरांना अर्धनग्न करून गाडीला बांधून झोडपलं. व्हिडिओ मारणाऱ्यांनी काढला, त्यांनीच फिरवला. ते त्यांचं पोस्टकार्ड होतं. त्याच व्हिडिओने गुजरातेतला दलित रस्त्यावर आला, सुरेंद्रनगरात जिल्हाधिकारी कचेरीपुढं मेलेली जनावरं आणून टाकली, तुमची माता तुम्हीच ओढा. म्हणजे व्हिडिओ नसता तर हे झालं नसतं, असं आमचे कार्यकर्ते म्हणतात, आणि ते खरं आहे. खैरलांजीचं २९ सप्टेंबर २००६ चं हत्याकांड किती दिवस दबून राहिलं होतं ते आठवतं ना? म्हणून जे म्हणतात की असलं काही बघूच नये, मन विटाळतं, त्यांच्याशी माझं जमत नाही. न बघण्याची चैन आपल्याला परवडत नाही. डोळे मिटून बसलेलं गाव आणि झाडावर चढून बघणारं गाव, आईच्या लेखी दोन्ही एकच होती.

तरी मेमी टिल आणि उना यांत एक फरक आहे. मेमी आई होती, पेटी तिने उघडली. उनाच्या पोरांना कुणी विचारलं नाही, मारणाऱ्यांनीही नाही आणि पुढं फॉरवर्ड करणाऱ्या आपणही नाही. आपण त्यांची उघडी पाठ गावोगाव नेली. कुणाकुणाच्या ओट्यावर नेली याचा हिशेब कुणी ठेवलाय? माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने तो व्हिडिओ जेवणाच्या सुट्टीत बघितला, चुकचुकला आणि डबा उघडला. मला वाटलं होतं त्याला लाज वाटेल.

या बाबतीत आपला बुद्ध कडक आहे. दीघनिकायातल्या ब्रह्मजालसुत्तात हत्ती, घोडे, रेडे, बैल, बोकड, एडके, कोंबडे यांच्या झुंजी बघणं श्रमण गौतमाला वर्ज्य आहे, अशी यादीच आहे. आणि तालपुट नावाच्या नटांच्या नायकाची गोष्ट आहे. तो विचारतो, लोकांना हसवणारा, रमवणारा नट मेल्यावर देवांत जन्मतो म्हणतात, खरं का? बुद्ध दोनदा म्हणतो, नको विचारू. तिसऱ्यांदा सांगतो की लोक आधीच राग, द्वेष, मोहाने बांधलेले. नट तेच आणखी पुढ्यात आणून ठेवतो, स्वतः नशेत आणि दुसऱ्यालाही नशेत लोटतो. तालपुट रडतो आणि भिक्षू होतो. मी जलशांच्या परंपरेतला माणूस. भीमराव कर्डकांचा जलसा काय, वामनदादांचं गाणं काय, त्यावर आमची घरं वाढली. त्यामुळं हे उत्तर मला टोचतं. पण बुद्ध काय म्हणतो ते नीट बघा. तो विचारतो, बांधलेल्या माणसापुढं तुम्ही काय ठेवता? दोरी की विळा?

अशोकाने यावर राज्यकर्त्याचा उपाय केला. पहिल्या शिलालेखात तो समाज नावाचे मेळे बंद करतो, त्यांत त्याला फार दोष दिसतात. काही समाज चांगले असतात असंही लगेच म्हणतो. चौथ्यात सांगतो की आता लोकांना विमानं, हत्ती, अग्निस्कंध असली दृश्यं दाखवली जातात. मला हा माणूस इथं फार आवडतो. कलिंगात लाखभर माणूस मारून आलेला. लोकांना बघायला काहीतरी लागतंच हे त्याला कळलं होतं. नुसती बंदी घातली असती तर लोक दुसरं काही शोधून बघत बसले असते.

सिनेमाबद्दल मात्र मी सोवळा नाही. 'दीवार'मध्ये गोदीतला हमाल हप्ता द्यायला नकार देतो, गुदामाला आतून कुलूप लावतो आणि गुंडांना लोळवतो, तेव्हा आमच्या तंबूत शिट्ट्यांनी कनात उडायची. ती मजा आणि कडुनिंबाची मजा एक नव्हती. तंबूत आम्ही मार खाणाऱ्याच्या जागेवरून बघत होतो. गावात कधीच चुकता न होणारा हिशेब तिथं तीन तासांत चुकता व्हायचा. त्याने पुढं काही घडलं का, की आमचा राग तिकिटाच्या पैशात विरून गेला, हा वाद पोरांनी घालावा. मला वाटतं, थोडा विरला.

आणि नागराज मंजुळेचा 'फँड्री' (२०१३). जब्याचं कुटुंब डुकराच्या मागं धावतंय आणि गाव बसून बघतंय, हसतंय, मोबाईलवर फोटो काढतंय. थिएटरात माझ्या पुढच्या रांगेतले लोकही हसत होते. मीही एकदा हसलो, डुक्कर निसटलं तेव्हा. मग शेवटी जब्या दगड उचलतो आणि तो दगड सरळ पडद्यातून आपल्याकडं येतो. माझ्या पुढची रांग गप झाली. मी मान खाली घेतली, खरोखरच, दगड चुकवायला.

त्या रात्री विहारात कलम १७ राहिलंच. मी पोरांना ओट्याची गोष्ट सांगितली. कुणी काही बोललं नाही. मग ज्याचा मोबाईल होता तो म्हणाला, "सर, मग डिलीट मारू का?" मी म्हटलं, नको, पुरावा आहे. "मग बघू का?" मला उत्तर आलं नाही. शेवटी आम्ही एवढं केलं की आवाज बंद करून एकदाच बघितला, आणि या खेपेला मारणाऱ्याचा पट्टा सोडून बाकी सगळं बघितलं. मागच्या भिंतीवरची पाटी. उभ्या असलेल्यांचे चेहरे. बघे एकोणीस भरले. एक जण मोटरसायकलवर बसून होता, गाडीचा नंबर अर्धा दिसत होता. पोरांनी वहीत उतरवून घेतलं. त्यात एक बाई होती, पदर तोंडाला लावून, बघत नव्हती. साक्षीला येईल का, असं एकाने विचारलं. बांधलेल्या पोराचं नाव तोपर्यंत आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी फोन करून काढलं. त्याच्या आईशी बोललो. व्हिडिओ फिरवू नका म्हणाली. कोर्टात दाखवा म्हणाली, बाहेर नको, त्याची बहीण कॉलेजला जाते.

पुढच्या मंगळवारी आम्ही चौघं एसटीने उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांच्या कचेरीत गेलो. ॲट्रॉसिटीचा तपास त्याच दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, हवालदार टाळाटाळ करत होता म्हणून. मोबाईलमधला पुरावा द्यायचा तर त्याबरोबर प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासून ते नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली द्यायचं, हे मला आदल्या रात्री वकिलाने समजावलं होतं. गाडीला गर्दी होती. मागच्या सीटवरच्या एकाने आमचं बोलणं ऐकलं, आपलाच माणूस असावा, आवाजात कळकळ होती. म्हणाला, "तो व्हिडिओ का? तुमच्याकडं हाय? दाखवा की, आमी बगितला न्हाई."

पोराने माझ्याकडं बघितलं. मग खिशावर हात ठेवला आणि म्हणाला, "बॅटरी उतरलीय, काका."

उतरली नव्हती. नंतर स्टँडवर उतरल्यावर त्याने त्याच मोबाईलवरून आईला फोन लावला, जेवायला थांबू नको म्हणून.